जिज्ञासूंचा वर्ग : मराठी ख्रिस्ती परंपरेतील प्रौढशिक्षणाचा एक धागा

पनवेल सोडून पेणच्या दिशेने निघाले की शिरढोणनंतर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव मागे पडते आणि अंगठ्यासारखा तो दगड पुढे येतो. पक्षी पाहायला येणारे लोक त्याचे फोटो काढून परत जातात. मी गेली तेवीस वर्षे या डोंगराच्या पायथ्याशी राहतो. हा किल्ला १५४०च्या सुमारास काही काळ पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि १६७० साली तो शिवाजी महाराजांनी घेतला, एवढे मला पनवेलच्या वाचनालयातल्या गॅझेटियरवरून कळले. इतिहास वाचण्याची खोड तिथूनच लागली. इतिहासाचे औपचारिक शिक्षण माझ्याकडे नाही. पाताळगंगेच्या बाजूला एका कारखान्यात भांडारपाल म्हणून नोकरी केली, आणि वाचले ते रजेच्या दिवशी.

या लेखाचे निमित्त मात्र किल्ल्याचे नाही. आमच्या खात्यात नगर जिल्ह्यातले एक सहकारी होते. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. निवृत्तीनंतर त्यांच्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर मोठ्या माणसांसाठी एक वर्ग सुरू झाला. लहान मुलांची शब्बाथशाळा सगळीकडे असते, मोठ्यांची क्वचित. ‘‘तुम्ही इतिहास वाचता, एकदा येऊन बसा,’’ असे ते म्हणाले आणि मी गेलो. दहा-बारा माणसे होती. पाळकसाहेब विश्वासांगिकारावर बोलत होते. मागच्या बाकावरच्या सत्तरीच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘लहानपणापासून मी हे तोंडपाठ म्हणते. पण तुला हे पटलं का, असं मला आजवर कुणीच विचारलं नाही. आता विचारलंत तर काय सांगू, तेच कळत नाही.’’

वर्ग गप्प झाला. पाळकसाहेबही क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘मावशी, पुढच्या रविवारी आपण इथूनच सुरुवात करू.’’

घरी आल्यावर शेजाऱ्याने हटकले, ‘‘काय हो, बाटायला निघालात की काय?’’ तो थट्टेने म्हणाला, पण निम्मी थट्टा होती. मला दोन्ही वाक्ये पुरून उरली. आपल्याकडे धर्मांतराचा इतिहास आकड्यांनी आणि भांडणांनी लिहिला जातो : किती बाटले, कुणी बाटवले, कुणावर खटला झाला. प्रौढ माणूस एखादी श्रद्धा शिकतो म्हणजे नेमके काय करतो, कोणते प्रश्न विचारतो, त्याला कोण उत्तर देतो आणि उत्तर पटले नाही तर काय होते, याचा इतिहास त्या आकड्यांमागे दडून राहतो. मराठीत तो विपुल आहे. त्यातला एक धागा इथे उलगडण्याचा प्रयत्न करतो.

आधी शिकणे, मग पाणी

पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती होणारा माणूस बहुधा मोठ्या वयाचा असे आणि त्याला लगेच बाप्तिस्मा मिळत नसे. आधी श्रवण, मग संस्कार, असा क्रम होता. काही ठिकाणी ही उमेदवारी तीन वर्षांची सांगितली आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू स्त्री जेरुसलेमला गेली होती. उपवासकाळात तिथे उमेदवारांना रोज तीन तास शिकवत, असे तिने लिहून ठेवले आहे. संत ऑगस्टीन स्वतः बत्तिसाव्या वर्षी, ३८७ साली, मिलानमध्ये बाप्तिस्मा घेणारा. त्याने पुढे नवख्यांना कसे शिकवावे यावर एक छोटे पुस्तक लिहिले. ऐकणारा उभ्याने कंटाळत असेल तर त्याला बसायला आसन द्यावे, असा अगदी व्यवहारी सल्ला त्यात आहे. शिकणाऱ्याच्या पायांचीही काळजी करणारा हा गुरू मला फार आवडला.

पुढे युरोपात जन्मतःच बाप्तिस्मा होऊ लागला आणि मोठ्यांचा हा वर्ग मागे पडला. रोमन कॅथलिक चर्चने प्रौढांच्या दीक्षेचा टप्प्याटप्प्याचा विधी पुन्हा सिद्ध करून १९७२ साली प्रसिद्ध केला. म्हणजे मधली कित्येक शतके प्रौढाचा प्रश्न हा अपवाद होता. पण हिंदुस्थानात तसे नव्हते. इथे समोर बसणारा माणूस मोठा होता, त्याला स्वतःचा धर्म होता, पुराणे पाठ होती आणि त्याला बोलता येत होते.

साष्टीतल्या माणसाची मागणी

मराठीतला या विषयावरचा पहिला मोठा ग्रंथ एका इंग्रज माणसाचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली वारले. चाळीस वर्षे त्यांनी बहुतांशी साष्टीत काढली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे ‘पैले पुराण’ जुन्या कराराच्या कथेचे आणि ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्राचे.

ग्रंथाच्या गौरवाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याची सुरुवात महत्त्वाची वाटते. रविवारी पाद्री धर्मशिक्षण देत असताना नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठतो आणि विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला काय देणार? पाद्री त्याला गप्प बसवत नाही. कथा सांगायला लागतो. ग्रंथात पुढेही श्रोते शंका काढतात, पाद्री उत्तरे देतो आणि कथा सरकते. आपल्या पुराणांची आणि पोथ्यांची हीच तर रीत आहे. श्रोत्याने विचारायचे आणि वक्त्याने सांगायचे. परदेशी पाद्र्याने ओवी उचलली हे सगळे सांगतात. त्याने श्रोत्याची जागाही उचलली, हे कमी सांगितले जाते.

पण या चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. साष्टीतली देवळे १५६७ साली पाडली गेली होती. गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशन होते. कुंकळ्ळीचा रक्तपात १५८३चा. त्या ब्राह्मणाच्या प्रश्नातच ते सारे आहे. पुराणे बंद झाली म्हणूनच तो नवे पुराण मागतो आहे. एकीकडे माणसाच्या शंकेची चौकशी करून शिक्षा देणारी संस्था आणि दुसरीकडे शंकेला ओवीतून उत्तर देणारा गुरू, दोन्ही एकाच मुलखात, एकाच काळात होते. स्टीफन्सचे मोठेपण मान्य करताना ही सक्ती विसरली तर इतिहासाचे कीर्तन होते. आणि सक्तीच तेवढी आठवली तर तो प्रश्न विचारणारा माणूस पुन्हा एकदा गप्प होतो.

समुद्रकिनाऱ्यावरचा वर्ग

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे केले आणि तिथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. आता मिशनऱ्याच्या हाती छापखाना आणि शाळा होती, पण समोरच्या माणसाच्या हातीही छापखाना आला होता. उत्तर देता येत नसेल तर तो उठून जाऊ शकत होता. एवढेच नव्हे, उलट प्रश्न विचारू शकत होता.

याचे सर्वांत रंगतदार उदाहरण आमच्या जिल्ह्यातले आहे. विष्णुबुवा ब्रह्मचारी म्हणजे विष्णू भिकाजी गोखले, जन्म १८२५, गाव शिरवली, तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातले. लहानपणी वडील वारले, शिक्षण बेताचे, जकात खात्यात नोकरी आणि पुढे वैराग्य. जानेवारी ते मे १८५७ या काळात त्यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला. पाद्री जॉर्ज बोवेन समोर होते. लोक वाळूत बसून ऐकत. हा वाद पुढे पुस्तकरूपानेही आला. कोण जिंकले हे आपापल्या बाजूने सांगितले गेले आणि त्यात मला फारसा रस नाही. वाळूत बसलेल्या माणसाला मात्र पहिल्यांदा दोन्ही पक्ष एका जागी, आपल्या भाषेत आणि फुकट ऐकायला मिळत होते. प्रौढशिक्षण म्हणतात ते आणखी कशाला?

वाद करता करता माणूस कुठे पोहोचेल याचा नेम नसतो. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित. जॉन म्यूर यांनी संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती मताचे समर्थन केले, तेव्हा तरुण गोऱ्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून तिचे खंडन केले. खंडनासाठी त्यांनी प्रतिपक्षाचे ग्रंथ मुळापासून वाचले आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. फादर नेहेम्या गोरे ते हेच. याउलट दादोबा पांडुरंग, मराठी व्याकरणकार आणि परमहंस मंडळीचे प्रवर्तक. त्यांनी स्वीडनबोर्ग या ख्रिस्ती गूढवाद्याचे ग्रंथ आस्थेने वाचले, त्यांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले आणि ते हिंदूच राहिले. जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती मित्रांत वावरले, बायबलचा त्यांच्यावर परिणाम झाला, आणि १८७३ साली त्यांनी स्थापला तो सत्यशोधक समाज. एकाच प्रकारच्या वाचनातून निघालेल्या या तीन वाटा आहेत. जिज्ञासू म्हणजे अर्धा बाटलेला माणूस, हा समज माझ्या शेजाऱ्याचा आहे तसाच काही मिशनऱ्यांचाही होता. दोघांनाही ही तीन नावे पुरेशी आहेत.

बाबा पदमनजींची पाच वर्षे

बाबा पदमनजी यांना आपण ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या मराठीतल्या पहिल्या कादंबरीचे कर्ते म्हणून ओळखतो. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ साली आले. पहाट एकदम होत नाही, हळूहळू होते, हा त्या नावातला अर्थ पुस्तकभर जाणवतो. बेळगावात १८३१ साली कासार कुटुंबात जन्म, मिशनच्या शाळांत शिक्षण, मग मुंबईत परमहंस मंडळीत प्रवेश. ही मंडळी १८४९ साली स्थापन झालेली आणि गुप्त. जातिभेद मोडायचा, पण उघडपणे नाही. बाबांना तो चोरटेपणा सोसेना. मनाने ख्रिस्ती झाल्यावरही घरदार, जात, पत्नी, आईबाप यांचा विचार करत ते थांबले आणि अखेर ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावात बाप्तिस्मा घेतला.

परमहंसांच्या स्थापनेपासून या दिवसापर्यंत पाच वर्षे जातात. ‘अरुणोदय’ वाचताना लक्षात येते की या काळातले शिक्षण निव्वळ ग्रंथांचे नव्हते. एखादे मत खरे वाटणे आणि त्यासाठी पंगतीतले पान सोडणे यांत फार अंतर आहे. ते अंतर चालून जाण्याचे शिक्षण कोणत्याही प्रश्नोत्तरीत नसते. मराठी जिज्ञासूला विचारला जाणारा खरा प्रश्न बहुधा हाच असे : पटले आहे ना, मग जेवायला कुठे बसणार?

रमाबाईंचे उलट प्रश्न

आता त्या मावशींच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ येतो. पंडिता रमाबाईंनी मुलगी मनोरमेसह २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. इथे बहुतेक कथा संपतात. रमाबाईंचे शिक्षण इथून पुढे सुरू झाले.

संस्कृतची पंडिता, पंचविशीतली विधवा, परक्या देशात मठातल्या भगिनींच्या आश्रयाने राहिलेली. तिने निमूटपणे शिकावे अशी अपेक्षा होती. सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी तिचा झालेला पत्रव्यवहार पुढे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तो मुळातून वाचण्यासारखा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलात नेमका कुठे आहे, चमत्कार मानायचे ते का, चर्चच्या अधिकाऱ्यांचे ऐकायचे की स्वतःच्या विवेकाचे, असे प्रश्न रमाबाई न कचरता विचारतात. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तेव्हा लॅटिनच का, माझ्या देशाची संस्कृत का नको, हाही त्यांचा प्रश्न होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. सिस्टर जेराल्डीनना यात गर्व दिसला. मिस बील यांना मात्र प्रामाणिक शोध दिसला आणि त्यांनी बरोबरीच्या नात्याने उत्तरे दिली. एकाच विद्यार्थिनीविषयी दोन शिक्षिकांचे हे दोन अभिप्राय. धर्मशिक्षणातला जुना पेच इतका स्पष्ट मला दुसरीकडे दिसला नाही. रमाबाईंच्या शंकांना उत्तर म्हणून पत्रे लिहिणाऱ्यांत फादर गोरेही होते. एके काळी खंडन करणारा आता मंडन करत होता.

रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली. तिचा आशय असा, की त्यांना ख्रिस्ती धर्म आधी मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला तो बऱ्याच वर्षांनी, १८९१च्या सुमारास. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी! मग केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. रमाबाई एप्रिल १९२२मध्ये वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. ज्यांना आयुष्यात कुणी काही विचारले नव्हते अशा बायका त्या ओळी अक्षर अक्षर जुळवत होत्या, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

लक्ष्मीबाई आणि दरबार

रेव्हरंड ना. वा. टिळकांना १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यावर त्या दिवशी आभाळ कोसळले. ‘स्मृतिचित्रे’ घराघरांत वाचली गेली आहेत, म्हणून कथा सांगत बसत नाही. पण हे पुस्तक धर्मजिज्ञासेचा दस्तऐवज म्हणून पुन्हा वाचावे, अशी विनंती आहे.

पतीने धर्म बदलला म्हणून पत्नीने बदलला, असे तिथे घडले नाही. विरहानंतर त्या परतल्या, नगरला राहिल्या आणि आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला. टिळकांनी घाई केली नाही. शाळा न पाहिलेली ही बाई आधी अक्षरे, मग वाचन, मग विचार असे शिकत गेली. त्यांचा अडसर देवाविषयीचा नव्हताच, जातीविषयीचा होता. हा भेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच भिडल्या आणि उत्तर मिळाल्यावर आधी शिवाशीव सुटली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. मध्ये पाच वर्षे गेली. बाबा पदमनजींच्या पाच वर्षांशी हा आकडा जुळतो तो योगायोग असेल, पण पंगतीचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटी आणखी एक पाऊल टाकले. मिशनची नोकरी सोडून १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत अशी कल्पना होती. जिज्ञासूसाठी दाराबाहेरची ओसरी न ठेवता त्याला आतच जागा द्यायची. ते मे १९१९मध्ये वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईला मोठेपणी अक्षरओळख झाली, तिने महाकाव्य पूर्ण करावे, याहून मोठा निकाल कोणत्या वर्गाचा लागला असेल?

धागा कुठे पोहोचतो

ही सगळी माणसे एका माळेत ओवण्यासारखी नाहीत. साष्टीचा ब्राह्मण सक्तीच्या छायेत प्रश्न विचारतो, विष्णुबुवा मोकळ्या किनाऱ्यावर, रमाबाई पत्रांतून, लक्ष्मीबाई स्वयंपाकघरात. तरी एक गोष्ट सगळीकडे दिसते. जिथे शिकणाऱ्याला उलट विचारण्याची मुभा मिळाली तिथे मराठीला काहीतरी मिळाले : पुराण, वादग्रंथ, कादंबरी, आत्मचरित्र, भाषांतर. जिथे केवळ पाठांतर करून घेतले तिथे हजेरीपट भरला आणि पुढे काही झाले नाही. हे ख्रिस्ती मंडळींपुरते खरे आहे असे मला वाटत नाही. माझ्या मुंजीत मला गायत्रीचा अर्थ कुणी विचारला नव्हता, सांगितलाही नव्हता. तो मी चाळिशीनंतर पुस्तकातून शोधला.

म्हणून शेजाऱ्याच्या प्रश्नाला मी आता सरळ उत्तर देतो. दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायला बसणे म्हणजे बाटणे नव्हे, आणि आपल्या धर्माला प्रश्न विचारणे म्हणजे तो सोडणेही नव्हे. दादोबा पांडुरंगांना हे १८७८ साली कळत होते. आपल्याला आज ते सांगत बसावे लागते, ही प्रगती म्हणावी का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो होतो. पाळकसाहेबांनी शब्द पाळला आणि मावशींपासून सुरुवात केली. त्या आठवडाभर विचार करून आल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘दोन वाक्यं पटतात. एक पटत नाही. बाकीची अजून बघते आहे.’’ कोणते वाक्य पटत नाही ते त्यांनी सांगितले आणि त्यावर तासभर चर्चा झाली. सगळ्यांना पटेल असे उत्तर काही निघाले नाही. निघताना मावशींनी वही पिशवीत ठेवली आणि पाळकसाहेबांना विचारले, ‘‘पुढच्या रविवारी वर्ग आहे ना?’’